व्रतभंगानंतर

बेंगळुरूच्या बसवनगुडीत कार्तिकातील अखेरच्या सोमवारी दोड्ड बसवण्णाच्या देवळाजवळ शेंगांची जत्रा भरते. सोमवारचा उपवास, पण शेंगदाणे चालतात, या सबबीखाली गतवर्षी मी पोट तडस लागेतो शेंगा खाल्ल्या. पश्चात्तापाने दुसरा दिवस निरंकार काढला, आणि त्या त्रासाला कंटाळून पुढील सोमवारी व्रतच सोडले!

गीतेच्या सहाव्या अध्यायातील १६ वा श्लोक अतिभोजन करणारास आणि मुळीच न जेवणारास एकाच पंक्तीस बसवितो, याचे मला विस्मरण झाले होते. पुढे २६ व्या श्लोकात मन जेथे जेथे भरकटेल तेथून ते माघारी आणण्यास सांगितले आहे. तेथे भरकटणे गृहीतच धरलेले आहे. दंड मात्र सांगितलेला नाही.

म्हणून वाचकहो, अधिक खाल्लेल्या घासांची फेड उपासमारीने करू नये. पुढच्या जेवणास नित्याच्या वेळी, नित्याच्या मापाने पानावर बसावे, आणि येणारा सोमवार नेहमीप्रमाणे पाळावा.