प्रबंध की मोर्चा?

लातूरच्या एका परिसंवादात एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, "बायकांच्या प्रश्नांवर संशोधन करणाऱ्यांनी एकदा ठरवावं, प्रबंध लिहायचा की मोर्चा काढायचा." टाळ्या पडल्या. ते वाक्य मला अजून सलतं.

त्यांची भीती अगदीच खोटी नाही. उत्तर ठरवून गावात शिरणारे अभ्यासक असतात. पण बाजू घेणं वेगळं आणि उत्तर ठरवून जाणं वेगळं. पुण्याच्या सोपेकॉम संस्थेत पाणी-शेतीतल्या बायकांच्या हक्कांचा अभ्यास करणाऱ्या सीमा कुलकर्णी महिला किसान अधिकार मंचातही, म्हणजे 'मकाम'मध्ये, काम करतात. 'मकाम'नं २०१८ साली विदर्भ-मराठवाड्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या ५०५ पत्नींची पाहणी केली. कसत असलेल्या जमिनीचा हक्क त्यांतल्या ४० टक्के जणींना मिळालेलाच नव्हता. नवऱ्यामागे शेत कोण कसतं, हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं. सातबारा कुणाच्या नावावर आहे, हे विचारायला मात्र बाजू घेतलेल्या माणसालाच जावं लागलं.

ऊसतोडीचं तेच. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल नवऱ्याच्या हातात. खाडा झाला की मुकादम पैसे कापणार. मग पाळी, अंगावरून जाणं, कंबरदुखी, सगळं बुडणाऱ्या मजुरीत मोजलं जातं आणि ऐन तिशीतल्या बायका गर्भाशयाची पिशवी काढून मोकळ्या होतात. २०१९ मध्ये ओरड झाली, तेव्हा कुठे आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. लातूरशेजारच्या बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढल्याचं निघालं.

मोर्चा काढणाऱ्यांनाही चोख संशोधन करता येतं, एवढंच मला म्हणायचं होतं. लिहिता लिहिता ते अपुरं वाटू लागलं. पिशवी काढलेली बाई परक्याच्या प्रश्नावलीपुढे बोलत नाही. उद्या दवाखान्यात सोबत येईल तिच्यापाशी बोलते. ओरड झाली नसती, तर हा आकडाही कागदावर आला नसता. या विषयात प्रबंधाच्या आधी मोर्चाच लागतो.

जमिनीच्या हक्काचंही तसंच. १९९४ साली महाराष्ट्रानं तोवर लग्न न झालेल्या हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका वाटा दिला, पण कायदा झाला म्हणून सातबाऱ्यावर नाव आपोआप लागत नाही. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात आणि लातुरात बायकांच्या जमीनहक्कावर प्रबंध लिहिणाऱ्यांना विनंती आहे: जिची मुलाखत घेतली, अशा एकीसोबत तरी तलाठ्याकडे जा. वारसनोंद लागेपर्यंत हेलपाटे घाला. किती महिने लागले, कुणी अडवलं, ते प्रबंधात लिहा.