गर्भिणीचा उपवास आणि घराचा धर्म



चातुर्मास आला की गुरुवारच्या आरतीनंतर एखादी नवी सून हळूच विचारतेच, "काकू, मला दिवस गेलेत, दुसराच महिना आहे. एकादशी आणि सोमवार चालू ठेवले तर चालतील ना? मोडले तर दोष लागेल का?"

प्रश्न साधा वाटतो, पण विचार करण्यासारखा आहे. व्रत आपण स्वतःच्या देहावर घेतो. पण त्या देहात दुसरा जीव असेल तर उपास नक्की कोणाला घडतो? त्या जीवाने तर संकल्प सोडलेला नाही.

आधी आत काय चाललेलं असतं ते बघू. ज्या नळीपासून बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू तयार होतात, ती गर्भ राहिल्यापासून साधारण 28 दिवसांत मिटते. म्हणजे पाळी चुकून दोन आठवडे होतात न होतात तोच. हृदयाची धडधडही त्याच सुमारास सुरू झालेली असते. ही नळी नीट मिटायला फॉलिक अ‍ॅसिड लागतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटना रोज 400 मायक्रोग्रॅमची गोळी गर्भ राहण्याच्या आधीपासून 12 आठवड्यांपर्यंत घ्यायला सांगते.

या फॉलिक अ‍ॅसिडच्या शोधाची एक वाट आपल्या मुंबईतून जाते. 1928 मध्ये लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर तिथे आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायकांना जीवघेणा पांडुरोग होत असे, त्याचा त्यांनी अभ्यास केला. साधा यीस्टचा अर्क दिल्यावर त्या बायका बऱ्या होऊ लागल्या, हे त्यांनी 1931 मध्ये प्रसिद्ध केलं. दोष त्या बायकांच्या नशिबात नव्हता, ताटात होता. पुढे 1941 मध्ये पालकाच्या पानांतून तेच द्रव्य वेगळं काढलं गेलं. लॅटिनमधल्या 'पान' या शब्दावरूनच त्याला फॉलिक म्हणतात.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिकांनी 1993 पासून जवळच्या 6 गावांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. ज्यांच्या खाण्यात पालेभाजी, फळं आणि दूध जास्त वेळा होतं, त्यांची बाळं अंगाने भरलेली निघाली.

आता शास्त्र काय म्हणतं? बाल, वृद्ध, आजारी आणि गर्भिणी यांना उपवासातून सूट आपल्या परंपरेतच आहे. चरकसंहितेत तर सुंदर दाखला आहे: काठोकाठ तेल भरलेलं भांडं जसं हिंदकळू न देता न्यावं, तसं गर्भिणीला जपावं. यात भांडं नेणारे कोण? घरातले सगळे! आपण मात्र सगळे नियम भांड्यालाच सांगत बसतो.

मला तरी खरा धर्मप्रश्न इथेच दिसतो. पहिले तीन महिने बातमी बाहेर सांगायची नाही ही आपली रीत. पण घरातही कोणी बोलत नाही, मग तिला उलट्या होत असताना सगळ्यांचं वाढून शेवटी उरेल ते ती खाते. डोहाळजेवण सातव्या महिन्यात थाटात होतं, पण बाळाला सगळ्यात नाजूक गरज होती ते दिवस केव्हाच सरलेले असतात.

आणखी एक, बाळात काही उणं निघालं की "तूच नीट खाल्लं नसशील" असं म्हणणं मोठं पाप आहे. सगळी काळजी घेऊनही काही गोष्टी आपल्या हातात नसतात. कर्तव्य सगळ्यांचं आणि दोष एकटीचा, हा कुठला न्याय?

म्हणून सासूबाईंनो, जावांनो आणि हो, नवरेमंडळींनो, एवढं करू या:

🌿 मेथी, पालक, मूग, चवळी, शेंगदाणे, संत्रं रोजच्या जेवणात असू द्या. भाजी फार वेळ शिजवू नका.
🥛 शाकाहारी घरात बी-12 कमी पडतं, म्हणून दूध, दही, ताक हवंच. रक्त तपासून डॉक्टर सांगतील ती गोळीही घ्यावी.
🍋 लोहासाठी जेवणात लिंबू पिळा. जेवणावर लगेच चहा नको.
🧂 साबुदाण्यात पिष्टाशिवाय फारसं काही नाही. उपासाच्या सैंधवात साध्या मिठाइतकं आयोडीन नसतं, आणि ते बाळाच्या मेंदूला लागतं.
🫓 मळमळत असेल तर थोडं थोडं, दर दोन तासांनी: खाखरा, लाह्या, भाकरीचा तुकडा. पाणीही पोटात टिकत नसेल तर लगेच दवाखाना.

त्या मुलीचा नेम मोडतोय असं वाटत असेल तर यंदाची एकादशी घरातल्या दुसऱ्या कोणी धरावी. तिने नामस्मरण करावं आणि वेळेवर, गरम, पोटभर जेवावं. गुरुमाउली सेवा सेवा म्हणतात, ती आपल्याच स्वयंपाकघरात ताट वाढून वाट बघते आहे.

जय गुरुदेव 🙏
— एक सेविका, बडोदे