पडणाऱ्याची बाजू

पडलेल्याला पाहून हसणे ही माणसाची फार जुनी खोड आहे. चिखलात पाय घसरून कोणी आपटले, की मदतीचा हात पुढे होण्याआधी ओठांवर हसू उमटून जाते. हे हसू निष्पाप की निर्दय? या प्रश्नाचा विचार करताना आम्हांला एका जुन्या विनोदी व्यंगचित्रपटाचा आधार घ्यावासा वाटतो. त्यातला खेळ बर्फावरचा आहे, आणि कोल्हारकरांचा बर्फाशी संबंध उसाच्या रसापुरता व मुलांच्या गोळ्यापुरता. तरीही त्या बर्फावर जे घडते ते प्रवरेकाठच्या आपल्या घरांतही रोज घडत असते.

वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओने 14 नोव्हेंबर 1941 रोजी 'द आर्ट ऑफ स्कीइंग' हा काही मिनिटांचाच चित्रपट प्रदर्शित केला. त्याचे दिग्दर्शक जॅक किनी. पायांना लांब, अरुंद फळ्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याचा खेळ शिकवण्याचा आव तो आणतो. निवेदकाचा, म्हणजे जॉन मॅक्लीश यांचा, आवाज एखाद्या प्राध्यापकासारखा धीरगंभीर. 'स्की' हा शब्दसुद्धा तो नॉर्वेच्या धाटणीने 'शी' असा उच्चारतो. पडद्यावर मात्र आहे लांब कानांचा, भोळा गूफी. कपडे चढवण्यापासूनच त्याची तारांबळ उडते. फळ्या पायांत बांधल्या की त्या एकमेकींत अडकतात, आणि वळायला जावे तर पायांची गाठ बसते. निवेदन जितके सफाईदार, तितकी गूफीची फजिती मोठी.

आता प्रश्न असा, की आपण हसतो ते कोणाला? वरवर पाहता गूफीला. पण तो केवळ पडत राहिला असता तर दोन मिनिटांत आपल्याला कंटाळा आला असता, कदाचित कीवही वाटली असती. हसू येते ते त्या आवाजामुळे. गूफी आपटतो, तरी आवाज आपला पुढचा धडा सांगतच राहतो. त्याच्या ज्ञानात फारशी चूक नसेलही. दोष एवढाच, की तो आवाज एकदाही खाली पाहात नाही, आणि पडलेल्यासाठी एकदाही थांबत नाही. 'लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण' ही म्हण आपण ऐकत आलो आहोत. या चित्रपटातले हसू त्या कोरड्या पाषाणाला लागते, आणि म्हणूनच ते निर्दय वाटत नाही.

या चित्रपटामागची एक हकिगत आम्हांला विशेष अर्थपूर्ण वाटते. गूफीला आवाज देणारे पिंटो कोल्विग त्या काळात स्टुडिओत नव्हते. त्यामुळे शिकणारा जवळजवळ मुका आणि शिकवणारा अखंड बोलका, अशी ही जोडी झाली. गूफीच्या तोंडी उरली ती कोसळताना फुटणारी एक लांबलचक आरोळी. ती आरोळी दिली हान्नेस श्रोल यांनी. हे ऑस्ट्रियाहून अमेरिकेत गेलेले नामांकित स्कीपटू. 1935 साली त्यांनी अमेरिकेतील उताराच्या शर्यतीचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले होते, आणि पुढे कॅलिफोर्नियात शुगर बोल हे या खेळाचे केंद्र उभारले. म्हणजे ज्याला हा खेळ खरोखर येत होता, त्याचा आवाज उपदेशकाच्या बाजूला नाही. तो पडणाऱ्याच्या कंठात आहे.

आमच्या मते जाणत्या माणसाची खरी जागा तीच. आपल्या भागात विहिरीत पोहायला शिकवण्याची जुनी रीत आठवून पाहा. पोराच्या पाठीला रिकामा डबा बांधायचा आणि त्याला पाण्यात सोडायचे. काठावर बसून 'हात मार, पाय मार' असे ओरडणारे पुष्कळ असतात. पण पोराचा धीर टिकतो तो त्याच्यासोबत पाण्यात उतरलेल्या चुलत्याच्या किंवा मामाच्या भरवशावर.

फादर हर्मन बाखर या स्विस येशूसंघीय धर्मगुरूंचे उदाहरणही येथे आठवते. ते बर्फाच्या देशातून आले आणि नगर जिल्ह्यातील पाण्याविना सुकलेल्या माळरानांवर रमले. 1993 साली स्थापन झालेल्या 'वॉटर' या पाणलोट विकासाच्या संस्थेच्या संस्थापकांपैकी ते एक. या कामात पाणी अडवण्याचे ज्ञान नुसते ऐकवले गेले नाही. ज्यांची जमीन, त्यांनीच श्रमदान करून शिकावे, असा त्याचा पाया होता.

घराघरांत मात्र आपण बहुधा निवेदकाची भूमिका पसंत करतो. दहावीत नापास झालेला मुलगा घरी येतो, तेव्हा अभ्यास कसा करावा यावर आपले प्रवचन सुरू होते. वर्षभर दारू सोडलेला शेजारी पुन्हा घसरतो, तेव्हा संयमाचे महत्त्व आपण त्याला नव्याने समजावतो. मोडलेल्या संसारातून माहेरी परतलेल्या लेकीला संसार कसा टिकवावा हे सांगणारे तर दारोदारी भेटतात. सांगितलेले बरेचसे खरे असते. पण त्या क्षणी ते कोणाच्याच उपयोगाचे नसते. पडलेल्याला उतार किती तीव्र आहे हे आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

उपदेश करूच नये, असे आम्ही म्हणत नाही. आईबापांनी आणि गुरुजनांनी बोलले नाही तर पोरांनी शिकावे कसे? परंतु उपदेशाला अधिकार येतो तो आपणही कधी घसरलो होतो, याचे स्मरण असेल तेव्हा. क्रूसाच्या वाटेवर आपला प्रभू तीन वेळा पडला, हे आपण दर उपवासकाळात गुडघे टेकून आठवतो. ज्याने पडणे स्वतः सोसले, त्याच्यापाशी पडलेला माणूस निर्भयपणे जाऊ शकतो.

म्हणून हसावे, जरूर हसावे; पण ते हसू आधी आपल्यातल्या त्या न थांबणाऱ्या आवाजावर असावे. तो आवाज क्षणभर गप्प झाला, तर पडलेल्याची आरोळी आपल्याला ऐकू येईल. त्यानंतर काय करायचे, हे सांगायला कोणा निवेदकाची गरज उरणार नाही.