नाण्यावरचा घाव

अथेन्सच्या घुबडछाप चांदीच्या नाण्यांवर पुष्कळदा छिन्नीचा खोल घाव दिसतो. आत तांबे तर नाही, हे पाहण्यासाठी कुणी व्यापाऱ्याने तो घातलेला. खऱ्या नाण्यालाही संशयाची जखम सोसावी लागे. बायझँटियमसारखी नगरे मात्र परक्या नाण्यावर आपली छोटी मुद्रा उमटवीत. म्हणजे हमी आमची. ही रीत आम्हांला अधिक माणुसकीची वाटते.

पण शब्द कोणाचा मानायचा? इ.स.पूर्व ३७५-७४ च्या अथेन्समधील कायद्यानुसार बाजारात नाणी पारखीत असे तो सरकारी गुलाम. त्याने खरे ठरविलेले नाणे नाकारणाऱ्याचा त्या दिवसाचा माल जप्त होई. एरवी गुलामाची साक्ष न्यायालये छळाशिवाय ग्राह्य धरीत नसत. आणि हा पारखी जागेवर बसला नाही, तर त्याच कायद्याने त्याला चाबकाचे पन्नास फटके!