बाबा आदमचा बेबाकी दाखला

माणूस जिवंत असेपर्यंत त्याला नातेवाईक किती, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. तो गेला आणि नावावर ठेव निघाली, की आमच्या काउंटरवर गोतावळा मावत नाही. कर्ज निघालं तर मात्र सख्खा मुलगाही "आमचं त्यांचं तसं जमत नव्हतं" म्हणून काखा वर करतो. वीस वर्षं बँकेत खर्डेघाशी करून मला एवढंच तत्त्वज्ञान कळलं: ठेवीला वारस असतात, कर्जाला फक्त जामीनदार.

हे तत्त्वज्ञान थेट आदम-हव्वेपर्यंत पोचतं, हा शोध मात्र आमच्या शाखेतल्या दोघांचा. कॅशियर ख्रिस्ती, पासिंग ऑफिसर मुसलमान. दोघंही अस्सल कोल्हापूरकर. म्हणजे तांबड्या रश्श्यावरून हातघाईवर येतील, पण धर्मावर बोलताना आवाज खाली. कनेक्टिव्हिटी गेली, स्क्रीन गोठला, गिऱ्हाइकं पंख्याखाली पेंगायला लागली, की यांचा विषय निघतो. माणूस आला कुठून, आणि येताना डोक्यावर काय घेऊन आला?

प्रश्नाच्या पहिल्या भागावर दोघांचं एकमत आहे. मूळपुरुष एकच. पवित्र शास्त्रात तो आदाम, कुराणात हजरत आदम, आणि आमच्या शिपाईमामांच्या तोंडी बाबा आदम, ज्याच्या जमान्यातला आमचा स्टेपलर आहे. दोन्हीकडं तो मातीचा. दोन्हीकडं त्यानं नको म्हटलेल्या झाडाचं फळ खाल्लं आणि बागेला मुकला. भांडण आहे ते पुढं. फळ खाल्ल्यावर खात्याचं काय झालं?

"खातं बुडीत गेलं आणि कर्ज वारसांच्या अंगावर आलं," असं कॅशियरसाहेब म्हणतात. हे मत पश्चिमेकडच्या ख्रिस्ती जगात पक्कं केलं ते उत्तर आफ्रिकेतल्या बिशप ऑगस्टीननं, चौथ्या-पाचव्या शतकात. आदामाचा दोष वंशात उतरतो आणि तो स्वतःच्या कमाईतून फेडणं कुणालाच झेपत नाही. म्हणून ज्याच्या नावावर पैची बाकी नाही असा जामीनदार स्वतः पुढं आला आणि वधस्तंभावर त्यानं सगळी रक्कम भरली. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मंडळींना हा हिशेब तसाच्या तसा मान्य नाही. वारशानं दोष येत नाही, मरण आणि दुबळेपणा येतो, असं ते म्हणतात. एकाच बँकेच्या दोन विभागीय कार्यालयांची परिपत्रकं जुळत नाहीत, हा अनुभव तिथंही आहे तर!

पासिंग ऑफिसर मान हलवतात. "काय ओ कॅशियरसाहेब, ज्यानं काढलं त्यानंच फेडलं की!" कुराणात आदम आणि त्यांची बायको दोघंही घसरतात, दोघंही माफी मागतात आणि अल्ला ती कबूल करतो. तौबा झाली, बेबाकी दाखला मिळाला, फाइल बंद. पुढचं प्रत्येक मूल कोरं पासबुक घेऊन जन्माला येतं. एकाचं ओझं दुसऱ्यानं वाहायचं नाही. हजरत ईसांना ते पैगंबर मानतात. बापाशिवाय झालेला त्यांचा जन्मही मानतात. त्यांच्या आईच्या, मरियमच्या, नावानं कुराणात एक अख्खा सूरा आहे. पण ईसा वधस्तंभावर मेले, हे त्यांना मान्य नाही. मुळात थकबाकीच उरली नाही, तर भरणा कसला?

या ठिकाणी आमच्यासारखा तिसरा मध्ये पडतो आणि "सगळं एकच हो, नावं फक्त वेगळी!" असं म्हणून चहा सांगतो. आम्हा हिंदूंची ही खास सवय. डार्विनचं नाव निघालं तरी आम्ही हेच करतो. १६५० साली आर्चबिशप अशर यांनी बायबलातल्या पिढ्यांची बेरीज करून जग ख्रिस्तपूर्व ४००४ मध्ये, तेही ऑक्टोबरात, निर्माण झालं असा ताळेबंद काढला. १८५९ मध्ये डार्विननं तो ताळेबंद विस्कटला आणि १८७१ मध्ये माणसाचं माकडांशी नातंच लावलं. तेव्हापासून ख्रिस्ती लोकांत दोन पक्ष आहेत. एक सहा दिवसांवर ठाम. दुसरा म्हणतो, माती कुठली आणि किती वर्षं मळली ते विज्ञानानं सांगावं, फुंकर कुणाची ते आम्ही सांगू. माणसाच्या शरीराच्या उगमाचा शोध घ्यायला १९५० मध्ये पोपनी मुभा दिली आणि १९९६ मध्ये दुसऱ्या पोपनी उत्क्रांती ही नुसती अटकळ नाही असं मान्य केलं. मुसलमानांतही असे दोन्ही पक्ष आहेत. मोरोक्कोत सापडलेली माणसाची हाडं तीन लाख वर्षांपूर्वीची निघाली, तेव्हा दोघांनाही विचार करावा लागला. आम्ही मात्र निवांत. "त्यात काय नवीन? मत्स्य, कूर्म, वराह... आमच्याकडं होतंच की!" परीक्षेला न बसता पहिला नंबर.

असो. हा ख्रिस्ती-मुस्लिम संवाद आमच्या शाखेतच जन्मला असं मात्र समजू नका. त्याचा एक धागा कोल्हापुरातून पार अरबस्तानापर्यंत गेलेला आहे. १८५२ मध्ये रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले. वायल्डर मेमोरियल चर्चमुळं त्यांचं नाव गावात अजून आहे. १८६३ मध्ये त्यांचा मुलगा रॉबर्ट इथंच, कोल्हापुरात, जन्मला. पुढं अमेरिकेत त्यानं कॉलेजच्या पोरांना मिशनकार्यासाठी बाहेर काढायची मोठी चळवळ उभी केली. त्याच्या सभेची एक गोष्ट सांगतात. हिंदुस्थानचा नकाशा टांगायचा आणि पुढं ताल मोजायचं टिकटिक यंत्र ठेवायचं. एक टिक म्हणजे येशूचं नाव न ऐकता मेलेला एक माणूस. त्याचं आवाहन ऐकून १८८६-८७ च्या सुमारास सॅम्युएल झ्वेमर नावाच्या पोरानं नाव नोंदवलं, आणि हा पोरगा पुढं मुसलमानांमध्ये काम करणारा सगळ्यात नावाजलेला मिशनरी झाला.

ती टिकटिक मला पटत नाही. आकडेमोडीत माणूस हरवतो, हे क्लार्कला कुणी शिकवायला नको. त्याच टिकटिकीत माझे पणजोबाही गेले असणार, आणि ते काही नुसती टिक नव्हते.

पण झ्वेमर नकाशापाशी थांबला नाही, बहरीनला जाऊन राहिला. १९०७ च्या त्याच्या पुस्तकाच्या नावात इस्लाम म्हणजे श्रद्धेला आव्हान होतं. १९२० मध्ये त्यानं इमाम गझालींवर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावात मात्र गझाली हे देवाचा शोध घेणारे मुसलमान होते. मत बदललं नाही. १९३५ मध्येसुद्धा धर्माच्या उगमावर लिहिताना, माणूस भुताखेतांपासून चढत देवापर्यंत आला नाही, तो आधी एका देवालाच ओळखत होता, असंच त्यानं मांडलं. हे मुसलमान वाचकालाही पटलं असतं! मधल्या काळात, १९०४ मध्ये, त्याच्या दोन लहान मुली आठवड्याभराच्या अंतरानं बहरीनमध्ये वारल्या, आणि त्याच मातीत त्यानं त्या पुरल्या. आदम मातीचा होता, हे त्या बापाला कुठल्या पुस्तकातून वाचायला नको होतं.

आता मुद्द्याचा प्रश्न. शेजाऱ्याचा धर्म चुकतो असं मनापासून वाटणं, हा शेजाऱ्याचा अपमान आहे का? आमचं "सगळं एकच" ऐकायला गोड आहे. पण सही न बघता चेक पास करणं म्हणजे गिऱ्हाइकावर विश्वास नव्हे, कामचुकारपणा. सही ताडून बघणारा माणूस गिऱ्हाइकाला जास्त मान देतो. अट एवढीच की नमुन्याची सही समोर हवी. कॅशियरसाहेबांनी कुराणाचं मराठी भाषांतर विकत घेऊन वाचलं, पासिंग ऑफिसरनी चारही शुभवर्तमानं वाचली. कुणी कुणाकडं सरकलं नाही. पण एकमेकांच्या तोंडी भलतंसलतं घालायचं दोघांनी बंद केलं. दसरा चौकात शाहू महाराजांच्या काळापासून जैन बोर्डिंग, १९०६ पासून मुस्लिम बोर्डिंग. कुणी सगळ्यांच्या चुली एक केल्या नाहीत. चौक मात्र एकच.

परवाच्या पावसाळ्यात पासिंग ऑफिसरांचे वडील गेले. ऐंशी वर्षांचा देवमाणूस. कॅशियरसाहेब कब्रस्तानात गेले, रांगेत उभे राहिले आणि इतरांसारखीच मूठ मूठ माती दिली. आठवड्यानं ऑफिसर कामावर आले. दुपारी कनेक्टिव्हिटी गेली. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्यांनी सरळच विचारलं, "कॅशियरसाहेब, खरं सांगा. तुमच्या हिशेबात माझे वडील कुठं?"

"सगळं एकच हो" माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण तो प्रश्न मला नव्हता. कॅशियरसाहेबांना हो म्हणता येत नव्हतं, कारण त्यांचा जामीनदारावरचा विश्वास खरा होता. नाही म्हणणंही जमत नव्हतं, कारण त्या म्हाताऱ्याच्या हातचा शीरखुर्मा त्यांनी पंधरा वर्षं खाल्ला होता. त्यांनी नोटांची गड्डी खाली ठेवली.

"साहेब, मी कॅशियर आहे," ते म्हणाले. "पैसे भरलेत हे मला माहीत आहे. कुणाकुणाच्या खात्याला जमा झाले, ते मला दिसत नाही. पासिंग माझ्याकडं नाही."

ऑफिसर थोडं हसले. डोळे पुसले. म्हणाले, "आमच्याकडंही शेवटचं पासिंग वरच होतं ओ."

शिपाईमामा चहा घेऊन आले. तीनच कप होते, पण आम्ही चौघांत वाटून घेतला.