श्वेतकेतूचा उपास

छांदोग्य उपनिषदात उद्दालक ऋषी बारा वर्षे वेद शिकून आलेल्या श्वेतकेतूला पंधरा दिवस नुसत्या पाण्यावर ठेवतात. मुलाला एकही ऋचा आठवेना! जेवल्यावर सारे आठवले. मन अन्नाचे बनते, हे बापानेच मुलाला असे दाखवले.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून जवळच्या खेड्यांतील माता अभ्यासल्या. गरोदरपणी ज्यांचे बी-१२ फार कमी होते, त्यांची मुले नवव्या वर्षी एकाग्रतेत व स्मरणात मागे दिसली. घरची परिस्थिती, आईचे शिक्षण हिशेबात धरूनही (२००८). अमेरिकेत १९९८ पासून मैद्यात फॉलिक अ‍ॅसिड सक्तीने घालतात, बी-१२ नाही. तेव्हा शाकाहारी लेकीसुनांनो, दूध-दही घ्याच, पण दिवस राहण्याआधी रक्तही तपासा. गोळीने व्रत मोडत नाही.