कधीपासून?

खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 सालचा. अण्णांची उभी नोकरी तिथे गेली. काडीपेटी, विडी, लायटर यांतलं काहीही आत न्यायचं नाही, हा तिथला पहिला नियम. निवृत्तीला वीस वर्षं झाली तरी पाहुण्याने खिशातून काडीपेटी काढली की अण्णांच्या कपाळाला आठी पडायची. देवापुढच्या निरांजनाला मात्र त्यांची कधी हरकत नव्हती.

त्या शुक्रवारी माई दिवेलागणीला वात लावत होत्या. अण्णा धडपडत उठले, "काडी पेटवू नका, शेड उडेल!" म्हणून ओरडले आणि निरांजन उलथवून टाकलं. रात्रभर चादरीवरच्या नसलेल्या मुंग्या वेचत बसले. शनिवारी दुपारी सुनेला नावाने हाक मारून चहा मागितला. सगळ्यांना हायसं वाटलं. संध्याकाळ झाली आणि पुन्हा तीच शेड, त्याच मुंग्या. त्यात अंथरूणही ओलं व्हायला लागलं.

मग घरात मतं निघाली. थोरला म्हणाला, "म्हातारचळ आहे. दोन वर्षांपासून विसरतायत, आता हे पुढचं." धाकट्याने डोंबिवलीहून फोनवर सल्ला दिला की झोपेची गोळी द्या आणि एखादा वृद्धाश्रम बघून ठेवा. चष्मा फोडतील म्हणून सुनेने तो कपाटात ठेवला. कानाचं यंत्रही तिथेच गेलं. म्हणजे बावरलेल्या माणसाचं उरलंसुरलं दिसणं-ऐकणंही काढून घेतलं, तेही काळजीपोटी.

माई तेवढ्या म्हणत होत्या, "अरे, बुधवारपर्यंत हे ठीक होते." पण बाईमाणसाचं, त्यातही सत्तरी ओलांडलेल्या बाईचं, दुखण्याबद्दलचं मत आपल्याकडे विचारात घ्यायची पद्धत नाही.

रविवारी अण्णांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना वार उलटे म्हणायला सांगितलं. "रविवार, शनिवार…" एवढं म्हणून अण्णा पंख्याकडे बघत राहिले. थोरल्याने दोन वर्षांची कहाणी सुरू केली. बाईंनी ती ऐकून घेतली आणि माईंकडे वळून विचारलं, "आजी, हे असं कधीपासून?"

"गुरुवारपासून," माई म्हणाल्या. "बुधवारी यांनी शेजारच्यांना रमीत हरवलंय. गुरुवारी सर्दी झाली म्हणून थोरल्याने मेडिकलमधून गोळी आणली. तेव्हापासून लघवी धड नाही. थेंब थेंब होते."

बाईंनी ओटीपोटावर हात ठेवला. बेंबीपर्यंत टणक. नळी घातली तर जवळपास लिटरभर लघवी निघाली. अंथरूण ओलं होत होतं म्हणून लघवी होतेच आहे असं घरच्यांनी धरलं होतं. प्रत्यक्षात तुडुंब भरलेल्या माठातून पाणी ओघळावं तसं ते ओघळत होतं.

बाईंनी थोरल्याला समजावलं. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामाइन असतं. ते नाक सुकवतं, पण मूत्राशयही सुस्त करतं आणि म्हाताऱ्या मेंदूला गोंधळात टाकतं. त्यात अण्णांची प्रोस्टेट वाढलेली. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत सुरू होणाऱ्या, दिवसभरात कमीजास्त होणाऱ्या या गोंधळाला डिलिरियम म्हणतात. लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं, रक्तातलं सोडियम उतरणं, मोठं ऑपरेशन, नवं औषध, यांतलं काहीही त्याला पुरतं. कधी कधी त्यात आरडाओरडा नसतोच. माणूस नुसता गुंगीत पडून राहतो आणि घरचे म्हणतात, चला, शांत झोपलेत. झोपेच्या गोळीने हा गोंधळ बहुधा वाढतोच. स्मृतिभ्रंशाची चाल निराळी. तो महिन्या-वर्षांनी सरकत येतो, एका गुरुवारी उगवत नाही.

सर्दीची गोळी बंद झाली. चष्मा आणि यंत्र परत आलं. रात्री माई उशाशी बसून आज कोणता वार, आपण कुठे आहोत, हे सांगत राहिल्या. तिसऱ्या दिवशी अण्णांनी पेपर मागितला. पूर्ण ताळ्यावर यायला मात्र दोन आठवडे गेले.

गोष्ट इथे संपली असती तर थोरला नुसता मूर्ख ठरला असता. तसं नव्हतं. निघताना बाई म्हणाल्या, "दोन वर्षांचं विसरणंही मला बघायचंय, पण आज नाही. गोंधळलेल्या मेंदूची परीक्षा घेऊन उपयोग नसतो." तीन महिन्यांनी तपासण्या झाल्या. अल्झायमरची सुरुवात निघाली. थोरलाही खरंच सांगत होता आणि माईही. आधीच झिजू लागलेला मेंदू साध्या कारणाने डिलिरियममध्ये जातो. म्हणून घरात स्मृतिभ्रंशाचं माणूस असेल तर अचानक झालेल्या बदलाकडे जास्तच लक्ष द्यावं लागतं. आपण नेमकं उलट करतो. 'साठी बुद्धी नाठी' म्हणून मोकळे होतो. माझ्या मते या म्हणीने आजवर पुष्कळ म्हाताऱ्यांचे उपचार बुडवले असतील.

तेव्हा घरातलं वडीलधारं माणूस दोन दिवसांत बदललं, बरळू लागलं किंवा एकाएकी गप्प पडलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. चालू गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घाला, मेडिकलमधून परस्पर आणलेल्यासुद्धा. आणि सोबत त्याच्याजवळ रात्रंदिवस असणारं माणूस न्या.